परसातलं अनोळखी झाड आणि न्यायदर्शन

कोकणात जुनं घर विकत घेतलं की परसात कधी कधी असं एखादं झाड निघतं, ज्याचं नाव शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही. पानं जाड, चकचकीत. चुरगळली की उग्र वास. फळ हिरवं, अंगावर मऊ वाकडे काटे. मग कुणीतरी जाणतं सांगतं, "सीताफळासारखं, पण मोठं, काटेरी आणि आंबट, ते मामफळ."

एवढ्यावर झाडाची ओळख पटते. ती पटते कशी?

न्यायदर्शनानं या प्रश्नाचा खोलवर विचार केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या जोडीला उपमान हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, येतं. 'गवय गाईसारखा असतो' असं ऐकलेला माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि 'हाच गवय' हे जाणतो. डोळ्यांना प्राणी दिसला, नाव नाही. कानांवर नाव आलं होतं, प्राणी पाहिला नव्हता. या दोहोंना जोडणारं ज्ञान नवं आहे, असं नैयायिक म्हणतात. वैशेषिक या दुसऱ्या दर्शनाच्या अनुयायांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही. पण परसातल्या झाडासमोर तरी नैयायिकांचीच बाजू बळकट ठरते.

मात्र साम्य फसवतंही. सीताफळ, रामफळ आणि मामफळ एकाच कुळातली, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ साली त्यांची तीन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली. सीताफळाचा गर गोड, बिया मात्र विषारी. म्हणून निव्वळ सारखेपणावर विसंबून अनोळखी फळ चाखू नका. फुलाफळांसह फांदी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आधी दाखवा.