खोडरबराची किंमत

आमच्या भाच्याचे चंद्रपुरात लॅपटॉप-दुरुस्तीचे दुकान आहे. मेलेले लॅपटॉप विकत घ्यायला तो एस्टीने मूलमार्गे पार गडचिरोली गाठतो. परवा एका गुरुजींचा त्याने पाचशेला आणला, आतल्या रॅमच्या पट्टीचे दात खोडरबराने घासले, अन् मढे उठून बसले! विकले नऊ हजारांना.

“गुरुजींना सांगायचं नाही का रे?”

“मामा, हे विद्येचे पैसे!”

आम्ही पडलो बँकेतले कारकून. विसाच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा अखंड तुकडा आला, तर पुरे वीस मोजतो. गिऱ्हाइकाला नियम ठाऊक नसला तरी! घासायची मजुरी विद्येची, कबूल. पण गप्प बसायची मजुरी कशाची?

काल माझाच लॅपटॉप बंद पडला. भाचा म्हणाला, “भंगार आहे, मामा. पाचशे देतो.”

मी मुकाट्याने खोडरबर शोधू लागलो.