भुताचा वाडा पाहावयास जावे काय?

गेल्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी आमच्या मंडळीच्या तरुण संघातील पाचसहा मुले घरी आली. त्यांना सहल काढावयाची होती आणि गाडीभाड्यापुरती मदत हवी होती. यादी तयार होती : देवगडचा किल्ला, तोही रात्री, सौंसरकडील एक ओसाड बंगला, जेथे कोणी गोरी मडम दिवा घेऊन फिरते म्हणतात, आणि शेवटी जामसावळी. "जामसावळीला कशाला?" मी विचारले. "काका, तिथं अंगात येणारे लोक पाहायला मिळतात," एकाने सांगितले आणि बाकीचे हसले. एक मुलगा मात्र हसला नाही. त्याच्याविषयी पुढे लिहितो.

मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, की ख्रिस्ती तरुणांना हे शोभत नाही. त्यावर त्यांच्यातील हुशार मुलाने मला अडविले. "काका, आमचा भुतांवर विश्वासच नाही. जे नाहीच ते पाहायला गेलो, तर त्यात पाप कुठलं?" प्रश्न सरळ होता, आणि खरे सांगतो, मला लगेच उत्तर सुचले नाही.

अशा वेळी आपण बहुधा अनुवादाचा अठरावा अध्याय पुढे करतो. मृतांना विचारणाऱ्यांचा देवाला वीट आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पण ही मुले मृतांना काही विचारणार नव्हती. त्यांना केवळ अंगावर काटा आणून घ्यावयाचा होता. शौल राजाची गोष्ट (१ शमुवेल २८) मला अधिक जवळची वाटली. ज्याने भूतविद्या करणाऱ्यांना देशातून घालवून दिले, तोच वेष पालटून रात्री एन-दोर येथे त्या बाईच्या दारी उभा राहिला. दिवसा न मानणे आणि रात्री जाणे, ही मनुष्याची जुनीच रीत आहे. (ती बाई शौलाला शेवटी वासरू कापून जेवू घालते, हे आपण उपदेशात सहसा सांगत नाही. त्या रात्री त्याच्यावर दया करणारी तेवढी एकच होती.)

मुले गेल्यावर मी विचार करू लागलो, की वाडा 'भुताचा' होतो तरी कसा? पुण्याचा शनिवारवाडा घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. तो अवघा अठरा वर्षांचा होता, आणि चुलत्याच्या गळ्यात पडून प्राण वाचविण्याची विनवणी करीत होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. प्रायश्चित्त मात्र कोणी घेतले नाही. १८२८ साली वाडा जळाला. तरीही ती हाक रात्री ऐकू येते, असे लोक आजही सांगतात. मला वाटते, ज्या रक्ताचा न्याय झाला नाही त्याला लोकांनी दिलेली ही जागा आहे. हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरडते असे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. ते रक्त ओरडते ते देवाकडे; प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी पेशवा एकटाच मेला नाही. धन्याला वाचवावयास त्याच्या अंगावर पडलेला सेवक चापाजी टिळेकरही तेथेच कापला गेला. चापाजीची हाक कोणालाच ऐकू येत नाही! भुतांच्या गोष्टींतही मानमरातब पाळला जातो की काय, असे मनात येते.

परदेशातही हेच आहे, आणि तेथे तर ते आपल्याच घरात घडते आहे. एडिंबरो शहरातील ग्रेफ्रायर्स मंदिरात १६३८ साली स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंटांनी आपल्या विश्वासासाठी राष्ट्रीय करारावर सह्या केल्या. पुढे १६७९ साली, लढाई हरल्यावर, त्या पक्षाच्या हजारावर कैद्यांना त्याच दफनभूमीलगत उघड्या मैदानात महिनोन् महिने कोंडून ठेवले. कित्येक तेथेच मेले. उरलेल्यांपैकी अडीचशेच्या आसपास लोकांना गुलामीवर पाठविण्यासाठी जहाजात भरले आणि ते जहाज ऑर्कनी बेटांजवळ बुडाले. आज तेथे रात्री तिकीट लावून भुतांची सहल निघते. पण ज्याच्या भुताला पाहण्यासाठी लोक येतात, तो मेकेंझी हा त्यांचा छळ करणारा सरकारी वकील! छळ सोसणाऱ्यांची नावे ऐकण्यासाठी कोणी तिकीट काढीत नाही. संदेष्ट्यांच्या कबरा सजविणाऱ्यांना प्रभूने काय म्हटले, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात वाचावे. निदान ते लोक कबरा सजवीत तरी होते.

असो. मी मुलांना निरोप पाठविला, की देवगडला जाऊ, पण दिवसा. आणि मी बरोबर येईन.

देवगड ही गोंड राजांची राजधानी. येथील जाटबा राजाचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत आहे. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने १७०२ साली नागपूर वसविले, पुढे राजधानी तिकडे गेली आणि देवगड ओस पडले. किल्ल्यावर नगारखाना आहे, मोतीटाका नावाचे पाण्याचे टाके आहे, पडक्या भिंती आहेत. वाटेत मुलांनी मला भुयाराची गोष्ट सांगितली. ते थेट नागपुरापर्यंत जाते म्हणे. पण मला खरी अद्भुत वस्तू वाटली ती खालच्या बावड्यांची. आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या, असे तिकडे बोलले जाते. आकड्याचे सोडा, पण २०२० च्या सुमारास रोजगार हमीच्या कामातून अनेक बावड्यांतला गाळ निघाला आणि दगडी पायऱ्या पुन्हा उघड्या झाल्या. एका बावडीच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. त्या कोणी खणल्या? त्यांची नावे कोठेच नाहीत. ज्यांनी परवा गाळ उपसला, त्यांचीही कोणी लिहून ठेवली नसतील. ज्याने मुळात पापाचा प्रश्न काढला होता तोच मुलगा म्हणाला, "काका, इथं भुताची गोष्ट का नाही?" मी म्हणालो, "मजुराचं भूत कोणी पाहायला येत नाही, बाबा."

तेथे मी त्यांना स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी सांगितले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या नावाचे कॉलेज सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांनी गोंड लोकांत हिंडून त्यांची भाषा आणि गीते उतरून घेतली, हे थोड्यांना ठाऊक असते. ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, सर रिचर्ड टेंपल यांनी छापले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहावयास गेले होते. ती वर्तुळे म्हणजे कोणा विसरलेल्या लोकांची थडगी. परततांना पुराने भरलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांनीही मृतांची जागा उकरली. ती उकरावी की नाही, हा वाद मी येथे काढीत नाही. पण ते तेथे हे लोक कोण होते हे विचारावयास गेले होते. आपण जातो ते आपल्याला कसे वाटते हे पाहावयास. दोन्ही वाटा एकाच थडग्याशी जातात, तरी त्या एक नव्हेत.

आता त्या न हसलेल्या मुलाविषयी. उतरतांना तो माझ्याबरोबर मागे राहिला आणि म्हणाला, "काका, माझ्या आईला जामसावळीला नेलं होतं. मी लहान होतो. तिचे हात बांधले होते. लोक कडेला उभे राहून पाहत होते." एवढेच तो बोलला. त्याची आई पुढे नागपुरात डॉक्टरांच्या औषधाने बरीच सावरली. उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते. तिचे हे दुःख आम्हा वडीलमंडळींपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

जामसावळीच्या निजलेल्या हनुमंताविषयी मी येथे काही लिहिणार नाही. आपले शेजारी तेथे श्रद्धेने जातात, आणि आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्या घरच्यांना दुसरा कोणता दरवाजा उघडा होता, हे आपण आधी स्वतःला विचारावे. मला आठवतो तो मार्काच्या पाचव्या अध्यायातील मनुष्य, जो कबरांमध्ये राहत असे. त्याला साखळ्यांनी बांधणारे पुष्कळ होते. प्रभूने त्याला नाव विचारले. तो शुद्धीवर येऊन वस्त्र नेसून बसला, तेव्हा गाव पाहावयास धावत आले, आणि भ्याले ते तेव्हा! भूत अंगात होते तोवर त्यांची बहुधा सवय झाली होती.

सहलीच्या यादीतून जामसावळी मुलांनी आपण होऊनच काढून टाकली. बंगल्याचे मात्र अजून चालू आहे. मी अडविलेले नाही.

हे सर्व लिहिताना मला माझेच एक आठवत राहिले. मी पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा, एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव, आणि दोहोंकडून दगड. मूळ गोष्ट सांगतात ती पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जातांना नदीत दोन्हीकडच्या दगडांनी मेली, ती. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांना ते रुचले नाहीत. त्या दोन जिवांची भुते नदीत फिरतात, असे मी कधी ऐकले नाही. कदाचित गोष्ट अजून संपलीच नाही, म्हणून भुताची गरज पडली नसावी.

मी कधी दगड मारला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. पण लहानपणापासून मी गच्चीवरून पाहत आलो आहे; पाहुणे येतात, त्यांनाही दाखवीत आलो आहे, चहा देऊन. कोणाचे डोके फुटले की गच्चीवर जो आवाज उठतो, त्यात माझाही आवाज असे. मुलांना जामसावळीबद्दल बोलतांना हे मला आठवले नव्हते. त्या मुलाने 'कडेला उभे राहून' म्हटले तेव्हा आठवले.

पोळा जवळ आला आहे. गच्चीला कुलूप राहील, असे मी घरात सांगितले आहे. नातवंडे रुसली आहेत, आणि नागपूरच्या पाहुण्यांना अजून कळविलेले नाही.