काटा मध्येच होता

गेल्या सप्ताहात प्रवचनकार महाराजांनी स्थितप्रज्ञाला मोटारीच्या टेंपरेचर काट्याची उपमा दिली. घाट असो की सपाट, काटा मधोमध. मन तसं असावं. मंडपात माना डोलल्या. माझी डोलेना. खंबाटकीत तापून उभ्या राहिलेल्या गाड्या टोचन करून माझ्या गॅरेजला येतात आणि ‘मिस्त्री, काटा तर मध्येच होता हो,’ असं मालक शपथेवर सांगतात.

ते खोटं बोलत नसतात. अँबॅसिडरचा काटा चढावर वर जायचा, उतारावर खाली यायचा, आणि माणूस उगाच घाबरायचा. म्हणून हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तो स्थिर करून ठेवलाय. पाणी साधारण ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मधली जागा सोडत नाही. सोडतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. महाराजांच्या स्वतःच्या नव्या गाडीत तर काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, तापल्यावर लाल, मधल्या सगळ्या हालहवालाला काहीच नाही.

आत मात्र धावपळ चालू असते. ८५च्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. गाडी पळत असेल तर समोरचा वारा पुरतो. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडलात की वारा नाही, उष्णता मात्र भरपूर. मग शंभरीच्या जरा अलीकडे-पलीकडे रिले टक्‌ करतो, पंखा सुरू होतो, चारपाच अंश उतरले की थांबतो, पुन्हा लागतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फिरतो, कारण पाणी फिरायचं थांबलं तरी लोखंडातली ऊब पाण्यात उतरतच राहते. गिऱ्हाईक तक्रार करतं, बॅटरी खातोय म्हणून. खाऊ दे की!

सगळ्यात वाईट गाडी म्हणजे पाणी गळून गेलेली. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, लोखंडाचं नाही. पाणीच उरलं नाही तर तो कोरडा पडतो, आणि हेड वाकत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो. अशी माणसंही मी पाहिलीत. भावकीच्या वाटणीत ज्याचा चेहरा सुरकुतलाही नाही, त्याला आम्ही शांत म्हणत होतो. आत ओलावाच राहिला नव्हता, हे नंतर कळलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो तेही काट्याबद्दलच: स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? बाहेरून ओळखायची खूण त्याला हवी आहे. कृष्ण पुढचे अठरा श्लोक बोलतो, पण बोलण्या-चालण्याची ढब सांगत नाही. काम, क्रोध, भय, म्हणजे सगळं बॉनेटच्या आतलं. शंकराचार्यांनी भाष्यात म्हटलंय की सिद्धाची जी लक्षणं, तीच साधकाची साधनं, कारण ती यत्नाने मिळवायची असतात. मला हे फार पटतं. ही यादी दुसऱ्याचा डॅशबोर्ड वाचायला दिलेलीच नाही. आणि कासवाने अवयव आत ओढल्याच्या श्लोकानंतर दोनच श्लोकांत कृष्ण कबूल करतो की धडपडणाऱ्या शहाण्याचंही मन इंद्रियं जबरीने ओढून नेतात. हा तापणाऱ्या इंजिनाला ओळखणारा माणूस आहे. त्यामुळे उपमा द्यायचीच तर मी पंख्याची देईन, आवाज करतो तरी.

महाराजांना हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘मग समुद्राच्या श्लोकाचं काय करशील, मिस्त्री? सगळ्या नद्या येऊन मिळतात आणि तो ढळत नाही.’ मुद्दा बिनतोड होता, रात्रभर डोक्यात घोळला. सकाळी त्यांना फोन करून एवढंच म्हणालो, की त्या श्लोकातही नद्या येतातच, महाराज. आल्याच नाहीत असं दाखवायला समुद्राला कुणी सांगितलेलं नाही.