सुटणे आणि सोडवणे

अक्काच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या खालच्या खणातील वजनकाट्याशेजारी, निळ्या पुठ्ठ्याची एक वही सुतळीने खिळ्याला टांगलेली असे, आणि तीत गेल्या साडेपाच वर्षांतील प्रत्येक रविवारचा व गेल्या सात आठवड्यांतील प्रत्येक दिवसाचा एक आकडा, जुन्या कुळकर्ण्याने दप्तर राखावे तितक्या निष्ठेने, तिच्या वळणदार अक्षरात नोंदलेला होता. तो आकडा बकुळीच्या वजनाचा. बकुळी ही तिची गिनीपिग. नातीने हौसेने आणलेली आणि नात शिक्षणासाठी परदेशी गेल्यावर आजीच्या पदरात राहिलेली. या प्राण्याचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे, आणि बकुळीला सातवे सरत आलेले. वहीच्या आरंभीच्या पानांवर ती ९४० ग्रॅम भरते. ज्या संध्याकाळी अक्काने मला तातडीने बोलावून घेतले, त्या दिवशीची नोंद ६१० ग्रॅमची होती.

दुखणे दाढांचे होते. गिनीपिगाचे सर्व वीस दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवताच्या अखंड चर्वणानेच ते झिजतात. दाढांची ठेवण एकदा बिघडली की खालच्या दाढा आतल्या बाजूस झुकून जिभेवर कमानीसारख्या येतात आणि प्राण्याला घास गिळणे दुष्कर होते. पशुवैद्याने भूल देऊन दोनदा दाढा घासून दिल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्याने स्पष्ट सांगितले की व्याधी मुळांपर्यंत पोचली आहे आणि या वयात पुन्हा दिलेली भूल बहुधा उतरणारच नाही. तेव्हापासून अक्का दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, भिजवून वाटलेले खाद्य बिनसुईच्या पिचकारीने तिच्या गालफडात सोडीत असे, आणि वेदनाशामकाचे थेंब सकाळ-संध्याकाळ देत असे.

मी पाट ओढून बसलो तेव्हा बकुळी टोपलीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर, फुगीर होऊन निश्चल बसलेली होती.

"भाऊ," अक्का म्हणाली, "तू मुन्सफीत जन्म घालवलास. निकाल मलाच द्यायचा आहे, हे मी जाणून आहे. पण दोन्ही बाजू माझ्यापुढे कोणी नीट मांडील तर मला हवे आहे. शेजारपाजारचे म्हणतात, सुटू दे बिचारीला. आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून गेली, तेव्हाही आलेला प्रत्येक माणूस 'सुटल्या' एवढेच म्हणाला, आणि ते म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. पण 'सोडवले' हा शब्द उच्चारण्याची छाती त्यांतल्या कोणाला झाली असती? सुटणे हे ज्याचे त्याचे; त्यात आपण केवळ पाहणारे. सोडवणाऱ्याला मात्र हात लागतो. मला विचारायचे आहे ते हे, की त्या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे ते ओलांडण्याचा अधिकार मला कोणी दिला?"

मी म्हणालो, "तो तू तिला पदरात घेतलेस तेव्हाच पत्करलास, अक्का. तिने काय खावे, कोठे निजावे, कोणत्या ऋतूत कोणत्या खोलीत राहावे, हे सारे तूच ठरवीत आलीस. ज्याच्या आयुष्याची कुलमुखत्यारी आपण घेतली, त्याच्या शेवटच्या प्रकरणापुरते मुखत्यारपत्र रद्द समजावे, असे म्हणता येईल काय?"

"युक्तिवाद म्हणून ठीक आहे," ती म्हणाली, "पण मी दुसरेच काही मनात घोळवीत होते. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध दोन्ही सोडले, आणि आपण सर्वांनी ते नतमस्तक होऊन पाहिले. हीही अन्नाला तोंड लावीत नाही. तिने आपल्या परीने काही ठरवले असेल, आणि मी रात्री-अपरात्री पिचकारी पुढे करून त्याच्या आड येत असेन, तर? मग पिचकारी बाजूला ठेवावी, सुईही नको, आणि तिला आपल्या वाटेने जाऊ द्यावे."

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. कारण अनेक सज्जन माणसे याच विचाराने, काहीही न करण्यालाच अहिंसा मानून, शांत झोपी जातात. मी तिला कोथिंबिरीची एक काडी टोपलीत ठेवावयास सांगितली. बकुळी हळूहळू पुढे सरकली, नाक फिरवले, पान तोंडात घेतले, दोनदा जबडा हलवला आणि ते ओले पान तसेच लुगड्यावर टाकून पुन्हा त्याच पानाकडे पाहत राहिली.

"हा निश्चय नव्हे," मी म्हणालो. "तिची भूक शाबूत आहे, नाही ती दाढ. विनोबांनी जे केले ते आपण काय करीत आहोत हे पुरतेपणी जाणून केले. त्यांच्या उपवासाचा मोठेपणा त्या जाणण्यात आहे. इच्छा असून ज्याला घास घेता येत नाही त्याच्या उपासमारीला प्रायोपवेशन म्हणणे, हे आपण आपल्या समाधानासाठी त्याच्या नावावर खोटा दस्तऐवज करण्यासारखे आहे. शिवाय पिचकारी बाजूला ठेवल्याने काय होईल तेही डॉक्टरांनी तुला सांगितले असेल."

तिने मान हलवली. या प्राण्याचे आतडे सतत भरत राहिले तरच चालते. एक दिवसभर पोटात काही गेले नाही तर ते थंडावते, त्यात वायू धरतो, आणि गिनीपिगाला शरीररचनेमुळेच ओकारी होऊ शकत नसल्याने त्या फुगाऱ्यातून वर सुटकेचा मार्ग नसतो. आपोआप येणारा तो मृत्यू सौम्य नाही.

"मग तिला इतके दुखत असेल तर ती ओरडत का नाही?" अक्काने विचारले. "कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी शीळ घालणारा हा जीव, दुःख सांगायला तिला आवाज कमी होता काय?"

"तिचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातले; हजारो वर्षांपूर्वी अँडीज पर्वताच्या रहिवाशांनी त्यांना मांसासाठी पाळले. जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी प्राण्याची झडप आधी पडते, हा त्यांच्या जातीचा इतिहास आहे. म्हणून कण्हणे त्यांच्या रक्तातच नाही. साक्षीदार भयापोटी स्वतःविरुद्धच साक्ष देत आहे, अक्का. मी बरी आहे, असे ती अखेरपर्यंत सांगत राहील. अशा खटल्यात तोंडी जबानीवर विसंबता येत नाही, लेखी पुरावा पाहावा लागतो, आणि तो तर तूच राखून ठेवला आहेस. तिच्या देहाचा एक तृतीयांश भाग गेला आहे."

ती पुष्कळ वेळ वहीची पाने उलटीत राहिली. मग, माझ्या पूर्वीच्या व्यवसायाला उद्देशून, कायदा काय म्हणतो असे तिने विचारले. मी १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातील तेरावे कलम सांगितले, ज्यात जनावराला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल अशी खात्री पटल्यास ते नष्ट करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. जिवंत ठेवण्याचेही क्रौर्य असू शकते, हे त्या कोरड्या भाषेत मान्य झालेले मला नेहमीच विचारप्रवर्तक वाटत आले आहे. अक्काने ते नीट ऐकून घेतले आणि हुकूम कोणत्या प्रकरणात होतो ते विचारले. मालकावर क्रूरतेचा गुन्हा शाबीत झाल्यावर, हे मला सांगावे लागले.

"मग ते कलम माझे नव्हे," ती शांतपणे म्हणाली.

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि मी ते कलम मागे घेतले.

"गांधीजींकडे जाऊ," मी म्हणालो. "१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य यातनांनी तळमळत होते, इलाज नाही असे ठरल्यावर गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचवून त्याचा अंत घडवून आणला आणि ते स्वतःच्या नियतकालिकांतून जाहीर केले. त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. परंतु त्याच लेखात त्यांनी आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचाही प्रश्न घेतला, आणि तेथे मारणे ही हिंसाच होईल असे सांगितले. लोक वासराची गोष्ट सांगतात आणि माकडांची विसरतात. मला तर सगळा विवेक त्या दोहोंच्या शेजारी असण्यात दिसतो. कृती एकच, वासराच्या बाबतीत ती वासरासाठी, माकडांच्या बाबतीत ती आपल्या पिकासाठी."

अक्काचा चेहरा एकाएकी उतरला.

"तीच तर माझी भीती आहे," ती म्हणाली. "रात्री दोनला गजर होतो. गुडघे धरलेले असतात, भिंतीला धरून मी स्वयंपाकघरापर्यंत येते, वाटण कोमट करते, आणि परवा त्या वेळी माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आले की आता हे संपावे. कोणाचे संपावे, भाऊ? तिचे दुःख की माझे जागरण? ज्या मनात हे आले त्याच मनाने सकाळी उठून दयेची भाषा करायची? नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली. ते पाण्याने उठले. माझ्या कावडीत पाणीच उरलेले नाही, आणि मी थकले आहे म्हणून तर मला ती रिकामी दिसत नाही ना?"

तिच्या या बोलण्यापुढे माझे आधीचे सारे युक्तिवाद मला पोकळ वाटले, आणि जे उत्तर दिले ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातले नव्हते.

"तुझा थकवा घाई करावयास सांगतो हे खरे," मी म्हणालो, "पण तुझे प्रेम लांबणीवर टाकावयास सांगते, आणि तेही तुझेच आहे, तिचे नव्हे. माझ्यापुढे एका वाटणीच्या दाव्यात एक वृद्ध विधवा वादी होती. दोन्ही वकील भले, कारणे रास्त. मी तहकुबीमागून तहकुबी देत गेलो आणि प्रत्येक वेळी आपण उदारपणे वागलो असे मला वाटले. ती बाई निकालाआधी गेली. त्या तहकुब्यांची किंमत जिने भरली, ती मुदत मागणाऱ्यांत कधीच नव्हती. पूर्ण निःस्वार्थ पालक कोठून आणायचा? म्हणून मी इतकेच म्हणेन की तुझा थकवा आणि तुझी माया, या दोन्ही पक्षकारांना बाहेर बसव, आणि मग खोलीत काय उरते ते पाहा. उद्या तू पूर्ण विश्रांती घेऊन उठलीस आणि रात्रीची पिचकारी देणारा कोणी मिळाला, तर बकुळीच्या दाढेत काय फरक पडेल?"

"काही नाही," ती म्हणाली. "चार दिवस जास्त निघतील."

"त्या चार दिवसांत ती काय करील?"

अक्काने टोपलीत हात घालून बकुळीला मांडीवर घेतले. पूर्वी ही गिनीपिग, लाही फुटावी तशी, जागच्या जागी आनंदाने हवेत उडे. पडवीतल्या उन्हाच्या पट्ट्यामागे सकाळभर सरकत राही. आणि पिशवीचा आवाज झाला की शीळ घाली. उडणे वयाने गेले होते, ते गेल्याचे दुःख अक्काने मानले नव्हते. उन्हाच्या पट्ट्यापर्यंत ती आता जात नाही, तिला उचलून ठेवावे लागते, असे तिने सांगितले. मग बराच वेळ थांबून, जणू ही गोष्ट आजवर तिने स्वतःलाही सांगितली नव्हती अशा स्वरात, ती म्हणाली, "मंगळवारपासून शीळही नाही. पिशवी वाजली की मान वर करते, अंगही तसेच ताठ होते, पण आवाज येत नाही. मी वहीत लिहिले नाही. वहीत वजनाचाच रकाना आहे."

त्यानंतर आम्ही वाद घातला नाही. तिने फक्त व्यवहाराच्या गोष्टी विचारल्या: घरी येतील का, हातात धरू देतील का. मी तिच्यासमोरच पशुवैद्यांना दूरध्वनी केला. आधी गुंगीचे औषध देऊ, पूर्ण शुद्ध हरपेपर्यंत ती आजींच्या मांडीवरच राहील, शुद्ध हरपल्याची खात्री करून मगच दुसरे औषध टोचू, असे ते म्हणाले. अक्काने शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली. त्या वेळी पडवीत ऊन असते. मधल्या दोन रात्री वेदनाशामक आणि पिचकारी चालूच राहिली, आणि रात्री दोनच्या पाळीला मी उठलो.

शनिवारी सकाळी अक्काने नेहमीप्रमाणे वजन केले. वहीतील तो शेवटचा आकडा ५९६ आहे, आणि त्याच्याखाली, रकाना ओलांडून, त्याच वळणदार अक्षरात एवढेच लिहिले आहे : मंगळवारपासून शीळ नाही.