आठ वर्षं अंतिम फेरीत

ऑल इंग्लंड स्पर्धेत रूडी हार्टोनोनं पुरुष एकेरीचं विजेतेपद आठ वेळा मिळवलं, हे बॅडमिंटनवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्याच स्पर्धेत डेन्मार्कचा मॉर्टन फ्रॉस्ट १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षं अंतिम सामना खेळला, हे मात्र मुद्दाम आठवण करून द्यावं लागतं. आठांपैकी चार त्यानं जिंकले : १९८२, १९८४, १९८६ आणि १९८७. चार हरला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही तो दोनदा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, १९८५ साली कॅलगरीत आणि १९८७ साली बीजिंगमध्ये. दोन्ही वेळा तिसऱ्या गेमपर्यंत झुंजला आणि रौप्यपदक घेऊन परतला. ऑलिंपिक पदकाचा तर प्रश्नच आला नाही. बॅडमिंटनला ऑलिंपिकमध्ये पदकं मिळू लागली ती १९९२ च्या बार्सिलोनापासून आणि फ्रॉस्टनं त्याआधीच रॅकेट खाली ठेवली होती.

खेळाडूचं मोठेपण मोजायला आपण पहिला प्रश्न विचारतो तो पदकांचा. त्या मापानं फ्रॉस्ट ‘थोडक्यात हुकलेला’ ठरतो. हे मापच मला तोकडं वाटतं आणि ते का, हे त्या आठ सामन्यांची यादी नीट वाचली की कळतं.

समोर कोण होतं ते पाहा. १९८२ आणि १९८३ ला चीनचा लुआन जिन, १९८४ ला इंडोनेशियाचा लिम स्वी किंग, १९८५ ला चीनचा झाओ जियानहुआ, १९८६ ला मलेशियाचा मिसबुन सिदेक, १९८७ ला पुन्हा इंडोनेशियाचा इचुक सुगियार्तो, १९८८ ला फ्रॉस्टचाच देशबांधव इब फ्रेडरिकसन आणि १९८९ ला चीनचा यांग यांग. आठ सामने, सात प्रतिस्पर्धी, चार देश. नेटच्या पलीकडची माणसं बदलत राहिली, अलीकडचा माणूस तोच. फ्रेडरिकसननं ती एक अंतिम लढत जिंकली आणि विजेत्यांच्या फलकावर त्याचं नाव कायमचं लागलं. त्याचा तो हक्कच आहे. पण जो माणूस दरवर्षी मार्चमध्ये वेम्बलीला येऊन शेवटच्या दिवसापर्यंत टिकायचा, त्याच्या टिकण्यासाठी फलकावर वेगळा रकाना नसतो.

त्यात काळही अवघड निवडला म्हणायचा. चीन तोवर आंतरराष्ट्रीय महासंघाबाहेर, दुसऱ्या एका महासंघात होता. १९८१ मध्ये हे दोन महासंघ एकत्र आले आणि १९८२ ला चिनी खेळाडू पहिल्यांदा ऑल इंग्लंडमध्ये उतरले. म्हणजे फ्रॉस्टचं पहिलं विजेतेपद आणि चीनचं आगमन एकाच वर्षीचं. त्याच्या आधीच्या विजेत्यांना ही भिंत ओलांडावी लागली नव्हती. (आपल्या प्रकाश पदुकोणनं १९८० ला ऑल इंग्लंड जिंकली तेव्हा चीन नव्हता, असं नाक मुरडून सांगणारे भेटतात. त्यांना सांगावं की पुढच्याच वर्षी प्रकाशनं क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चीनच्या हान जियानला हरवलं होतं.) चीनकडे एक थकला की दुसरा उभा करणारी यंत्रणा होती. तेव्हाच्या डेन्मार्कची लोकसंख्या जेमतेम ५१ लाख.

दैवाचा आणखी एक खेळ. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ ला माल्मोत झाली आणि तिथं पुरुष एकेरी जिंकली ती डेन्मार्कच्याच फ्लेमिंग डेल्फ्सनं. त्यापूर्वी ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगाचा विजेता मानला जाई. फ्रॉस्ट वीस वर्षं आधी जन्मला असता, तर हीच चार विजेतेपदं चार विश्वविजेतेपदं म्हणून गणली गेली असती. दहा वर्षं उशिरा जन्मला असता, तर कदाचित ऑलिंपिक पदक गळ्यात असतं. तेच पाय, तेच मनगट. फक्त जन्मसाल वेगळं.

पायांचा उल्लेख ओघात आला, पण खरं तर तिथंच थांबायला हवं. फ्रॉस्टचा स्मॅश लिम स्वी किंगसारखा कानठळ्या बसवणारा नव्हता. त्याची कमाई पावलांत होती. प्रतिस्पर्ध्यानं मागच्या डाव्या कोपऱ्यात उंच टॉस दिला की बहुतेक खेळाडू तिथं पोचेपर्यंत वाकलेले, उशीर झालेले असतात. फ्रॉस्ट फुलाच्या मागे आधीच जाऊन उभा राहिलेला असे. डोक्यावरून रॅकेट फिरवून तो फूल मारायचा, हवेतच पायांची अदलाबदल व्हायची आणि डावा पाय मागे टेकतो न टेकतो तोच शरीर कोर्टाच्या मध्याकडे निघालेलं असायचं. बुटांचा आवाजही फारसा होत नसे. असा खेळ पाहताना प्रेक्षक टाळी वाजवायला विसरतो, कारण काही विशेष घडलंय असं वाटतच नाही.

तेव्हाची गुणपद्धत या खेळाला साजेशी होती. गेम पंधरा गुणांचा आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. चाळीस फटक्यांची रॅली जिंकली तरी सर्व्हिस समोरच्याची असेल तर हाती काय? नुसती सर्व्हिस. गुणफलक जागचा हलायचा नाही आणि दोघं घामानं निथळत राहायचे. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण आणि एकवीसचा गेम आला. सामने आटोपशीर झाले, दूरचित्रवाणीची सोय झाली. त्यात गैर काही नाही. पण धीराची जी परीक्षा जुनी पद्धत घ्यायची, तिच्यात सलग आठ वर्षं वरच्या श्रेणीत पास होणं म्हणजे काय, हे आजच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागेल.

फ्रॉस्टची बाजू घ्यायची म्हणून त्याचं उणं झाकायचं नाही. १९८५ ला झाओ, १९८७ ला बीजिंगमध्ये यांग यांग, १९८९ ला पुन्हा यांग यांग, हे तिन्ही पराभव डावखुऱ्यांकडून झाले. डावखुऱ्यासमोर सवयीचे कोपरे उलटे होतात. त्यात फुलाची सोळा पिसं एकाच दिशेनं एकमेकांवर बसवलेली असल्यामुळे उडताना ते ठरावीक बाजूनंच फिरतं. म्हणून डावखुऱ्यानं कापून मारलेला ड्रॉप उजव्या हाताच्या ड्रॉपपेक्षा वेगळा पडतो. ज्याचा सगळा खेळ अंदाजावर उभा, त्याचा अंदाज अर्ध्या पावलानं चुकला की संपलं. रॅली एका फटक्यात संपवणारा हुकमी स्मॅश असता तर ही अर्ध्या पावलाची उधारी फेडता आली असती. तो नव्हता, हा आक्षेप खरा आहे.

एवढ्याशा देशातून असा खेळाडू येतो कसा, याचं उत्तर कोपनहेगनच्या क्लबांत सापडतं. ऑल इंग्लंड जिंकल्यावर प्रकाश ह्विडोव्हरेच्या क्लबकडून खेळायला डेन्मार्कला गेला. फ्रॉस्टशी त्याची मैत्री जमली, ती कायमची. (दीपिका पदुकोणचा जन्म कोपनहेगनचा, तो यामुळेच.) सरावाला जागा आणि तोडीस तोड जोडीदार रोज मिळतील अशी सोय त्या वेळी भारतात नव्हती. डेन्मार्कमध्ये गावोगावी क्लब आहेत, ते बरेचसे आईबाप आणि जुने खेळाडू विनामोबदला चालवतात आणि त्यांना हॉल उपलब्ध करून देणं नगरपालिकांवर कायद्यानं बंधनकारक आहे. संध्याकाळी शेजारच्या कोर्टवर शाळकरी पोरं आणि निवृत्त मास्तर खेळत असतात. या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्यात तयार झाले, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. डेन्मार्कनं नियम बाहेरून घेतले आणि हॉल स्वतः बांधले. नंतरचा हिशेब सगळ्यांसमोर आहे.

निवृत्तीनंतर फ्रॉस्ट डेन्मार्कचा प्रशिक्षक झाला. १९९६ ला अटलांटात पॉल-एरिक होयर लार्सननं चीनच्या डोंग जिओंगला हरवून एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, युरोपातलं पहिलं, तेव्हा संघाची सूत्रं फ्रॉस्टकडे होती. जे स्वतःला कॅलेंडरनं दिलं नाही ते शिष्याच्या हाती आलं, असं लिहायचा मोह होतो. पण होयर त्याच्या स्वतःच्या बळावर जिंकला, त्यात गुरूची भरपाई शोधू नये. पुढे मलेशियात फ्रॉस्टनं प्रशिक्षक म्हणून आणि नंतर तांत्रिक संचालक म्हणून काम केलं. तिथला अव्वल खेळाडू ली चाँग वेई याच्याशी त्याचे उडालेले खटके वर्तमानपत्रांपर्यंत गेले आणि २०१७ मध्ये तो पायउतार झाला. चांगला खेळाडू प्रत्येक खुर्चीत चांगला बसतोच असं नाही.

त्याच्या काळातल्या बऱ्याच सामन्यांच्या चित्रफिती आता इंटरनेटवर मिळतात. चित्र धूसर आहे, फूल मधेमधे दिसेनासं होतं. त्याच्या हरलेल्या सामन्यांपैकी एखादा लावा, गुणफलकावर हात धरा आणि दहा मिनिटं फक्त त्याचे पाय बघा. मग ठरवा, त्याला दुसऱ्या क्रमांकाचा म्हणायचं का ते.