सफारी कुणाच्या अंगणात?

'सफारी' हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला 'सफर' व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. तिथे त्याचा अर्थ आजही प्रवास एवढाच आहे. माणूस आजोळी निघाला तरी तो सफारीला निघालेला असतो. दुनिया, किताबू, हबारी, वकाती हे तिथले शब्द आपल्या मोहल्ल्यातल्या कानालाही लगेच ओळखू येतात. उघड्या छपराच्या गाडीत उभे राहून सिंह पाहणे हा अर्थ त्याला गोऱ्या साहेबाने नंतर चिकटवला.

सध्या आमच्या घरात टांझानियातल्या सेरेंगेटीला जायचे बेत चालू आहेत. पुतण्या दुबईत नोकरीला आहे, चौकशीचे काम त्याच्याकडे. भाचीने वहीत खर्चाचा हिशेब मांडला आहे. किलिमांजारो विमानतळावर उतरायचे, अरुशा शहरात मुक्काम करायचा, तिथून गाडी आणि वाटाड्या घ्यायचा. अरुशात मशिदी आहेत, हलालची अडचण नाही. खरा प्रश्न महिन्याचा. तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या हरिणकुळातल्या प्राण्यांचे कळप, गवताच्या मागे वर्षभर गोल फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला मारा नदी ओलांडतात. मगरींचा तमाशा पाहायला बहुतेक लोक तेव्हा जातात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानावर, न्दुतूच्या बाजूला, त्यांची वीण होते. भाचीला पिल्ले पाहायची आहेत. म्हणून फेब्रुवारी.

या फेब्रुवारीबद्दल वाचताना एक गोष्ट समोर आली आणि तिने माझी पाठ सोडलेली नाही. वाइल्डबीस्टच्या नवजात पिल्लांमुळे गाईगुरांना एक जीवघेणा ताप जडतो. मासाई गुराख्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. वीण सुरू झाली की ते सर्वांत सकस गवताची ती मैदाने सोडून गुरे उंचावर नेत. जंगली जनावराला त्याचा महिना आणि माणसाला त्याचा, अशी ही वाटणी होती. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती.

'सेरेंगेटी' हा शब्दच मासाई भाषेतला. न संपणारी जमीन असा काहीसा त्याचा अर्थ. १९५१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ साली ब्रिटिश राजवटीने मासाईंना त्यातून बाहेर काढले आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत गुरांसह राहता येईल असा शब्द दिला. त्याच वर्षी जर्मन प्राणितज्ज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांचा सेरेंगेटीवरचा चित्रपट आला. त्याला ऑस्कर मिळाले. राष्ट्रीय उद्यानात माणूस असताच कामा नये, तिथला मूळचा रहिवासीसुद्धा नाही, असे त्यांचे मत होते. मला वाटते, आपण घरी बसून ज्या आफ्रिकेची चित्रे पाहतो ती याच मताची आफ्रिका आहे. चौकटीत हत्ती आहे, बाभूळ आहे, मावळता सूर्य आहे. गुराखी नाही. तो चौकटीबाहेर गेला, कारण त्याला बाहेर नेण्यात आले.

न्गोरोंगोरोतला शब्दही टिकला नाही. १९७४ साली तिथल्या प्रसिद्ध विवराच्या तळातली वस्ती उठवली गेली, पुढच्या वर्षी शेतीवर बंदी आली. २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवणे सुरू झाले. सरकार याला स्वेच्छेचे स्थलांतर म्हणते. दवाखाने आणि शाळा दुबळ्या करून ही स्वेच्छा घडवली, असे मासाई म्हणतात. त्याच वर्षी जून महिन्यात लोलिओंदो भागात १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर सरकारी खांब रोवले गेले. गोळीबार झाला, एक पोलीस मारला गेला, अनेक मासाई जखमी झाले, हजारो लोक सीमा ओलांडून केनियात गेले. या लोलिओंदोत १९९२ पासून शिकारीचा परवाना होता तो संयुक्त अरब अमिरातीच्या राजघराण्याशी जोडलेल्या एका कंपनीकडे.

इथे मला हजरत उमर यांची आठवण होते. अरबस्तानात 'हिमा' म्हणजे राखीव कुरणाची पद्धत होती. बुखारीत नोंद आहे की, उमर यांनी एका कुरणावर हुनय्य नावाचा रखवालदार नेमला. त्याला त्यांनी बजावले की, थोडीशी उंटे, थोड्या शेळ्यामेंढ्या असलेल्या गरिबाला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या गुरांना मात्र आवर घाल. श्रीमंताची जनावरे मेली तर त्याला खजुराच्या बागा आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलेबाळे घेऊन माझ्याच दारात येईल. आणि जमीन त्या लोकांचीच असल्याने, आपण त्यांच्यावर अन्याय केला असे त्यांना वाटत असणार, हेही त्यांनी बोलून दाखवले. राखीव जमीन राखावीच लागते, हे उमर यांनाही मान्य होते. प्रश्न फाटकावर कुणाला अडवायचे एवढाच होता. सेरेंगेटीच्या फाटकावर ती आज्ञा उलटी लागू आहे. शुल्क भरणारा मी आत, चार गाई असणारा बाहेर.

दुसरी बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. १९५९ साली न्गोरोंगोरोत आठ हजारांच्या आसपास माणसे होती, आज ती लाखाच्या घरात आहेत. गुरे वाढली, गवत तेवढेच राहिले. शिवाय उद्यान नसते तर या मैदानांवर गहू उभा राहिला असता. केनियाच्या नारोक भागात तो राहिलाच. पण कळपांची ही गर्दीही निव्वळ कुंपणाची देणगी नाही. गुरांच्या बुळकांडी रोगाने १८९० च्या दशकात मासाईंचे गोधन आणि वाइल्डबीस्ट दोन्ही नासवले. गुरांना लस टोचली गेली, तेव्हा १९६० च्या दशकात वाइल्डबीस्टमधूनही रोग हटला आणि अडीच लाखांच्या आसपासचे कळप पंधरा-सतरा वर्षांत तेरा लाखांवर गेले. गाय निरोगी झाली म्हणून रानही भरले.

पुतण्या फोनवर म्हणाला, "चाचा, आपण नाही गेलो म्हणून त्यांना जमीन परत मिळणार आहे का?"

नाही मिळणार, हे खरे आहे. घरी बसून आपले हात तेवढे स्वच्छ राहतील. पण आपण कुणाचे मेहमान म्हणून चाललो आहोत, हे विचारण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला असतो आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. आपल्याकडे कुणाच्या अंगणात पाय ठेवण्याआधी दारात सलाम करून इजाजत घेतात. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाई न्गोरोंगोरोच्या रस्त्यावर उतरले आणि सफारीच्या गाड्या अडल्या. त्यानंतर डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन त्यांच्या पुढाऱ्यांना भेटल्या आणि दोन आयोग नेमायचे ठरले. त्या रस्त्यावर थांबलेला प्रवासी कदाचित पहिल्यांदाच यजमानासमोर उभा होता.

केनियात मासाई माराच्या आसपास वेगळा मार्ग निघाला आहे. तिथे मासाई जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन सफारीच्या तंबूवाल्यांना भाड्याने देतात. भाडे मालकाला मिळते. भाडे पुरेसे आहे का, जमीन नावावर नसलेल्यांचे आणि बायकांचे काय, हे वाद तिथेही आहेत. तरी निदान करारावर एक बाजू त्यांची आहे. मी पुतण्याला तिकडचीच चौकशी करायला सांगितले. फेब्रुवारीतली ती पिल्ले तिथे दिसणार नाहीत, हे भाचीला समजावले. तिने वहीत फेब्रुवारी खोडून ऑगस्ट लिहिले, जरा रागानेच.

दोन कंपन्यांना आम्ही विचारले : तंबू कुणाच्या जमिनीवर आहे आणि त्याला दरमहा काय मिळते? एकीने सिंहांची छायाचित्रे पाठवली. दुसरीने भाड्याची पद्धत नीट समजावून सांगितली. त्या करारात मालकाच्या गुरांना कोणकोणत्या महिन्यांत तिथे चरता येते, असे आम्ही पुन्हा विचारले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.