वर्गातील यहुदी मुलगा

मदीनेत एका घरातून चिलखत चोरीस गेले. चोर बनू उबैरिक कुळातला, स्वतःला मुसलमान म्हणवणारा. कुळाची अब्रू राखण्यासाठी आळ एका यहुद्यावर घालण्यात आला आणि कुळाचे लोक पैगंबर (स.) यांच्याकडे रदबदलीस गेले. सूरह अन्-निसाच्या 105 पासूनच्या आयती याच प्रसंगी अवतरल्या, असे बहुतेक भाष्यकार सांगतात. विश्वासघात करणाऱ्यांची वकिली करू नये, अशी ताकीद त्यांत आहे. यहुदी निर्दोष ठरला. तोही अशा काळात, जेव्हा मदीनेतील यहुदी टोळ्यांशी मुसलमानांचे संबंध ताणलेले होते.

आज युरोप-अमेरिकेतील शाळांत यहुदी मुलांचा छळ होतो. कुणी बाकावर नाझी चिन्ह कोरतो, कुणी हिटलरच्या छावण्यांतील विषारी वायूची नक्कल करून हसतो, तर कुणी गाझातील बॉम्बवर्षावाचा जाब बारा वर्षांच्या पोराला विचारतो. त्या वर्गात मुस्लिम विद्यार्थीही असतात. ‘पुरे’ म्हणणे त्यांना सर्वांत अवघड, कारण सोबतीच फितूर ठरवतील. पण जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करा, त्याचा हात धरा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे. मग मित्राला अडवणारा फितूर कसा? डिसेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत यहुदी प्रवाशांना मारहाण होत असताना बांगलादेशी वंशाचा एक मुस्लिम विद्यार्थी मध्ये पडला. त्यालाही मार खावा लागला.

गाझात मुले मरत असताना ही चिंता कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न खोटा नाही. सूरह अल्-माइदाची आठवी आयत संताप गिळण्यास सांगत नाही. वैर आहे हे गृहीत धरूनच ती न्याय मागते. शिवाय कुठे स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी वर्गातील नजरा कुणाकडे वळतात, हे आपल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या कृत्याचा जाब देणे म्हणजे काय, हे ती जाणतात.

मुंबईत माझगावची सर एली कदूरी शाळा बेने इस्राएल समाजाने 1875 साली सुरू केली. तो समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. मराठी बोलणारा यहुदी वर्गमित्र आता त्यांना क्वचितच लाभतो. यहुदी त्यांना भेटतो तो मोबाइलच्या पडद्यावर, बहुधा एखाद्या विखारी विनोदात. तो विनोद पुढे न धाडणे, आणि मित्राने धाडला तर त्याला तेथेच टोकणे, एवढे मात्र त्यांच्या हाती आहे.